चौकट कोणाची? : पद्मपाणी आणि संगणकाचा तराजू

अजिंठ्याच्या क्रमांक १च्या लेण्यातील पद्मपाणीविषयी लिहिताना आपण ‘समतोल’ हा शब्द सहज वापरतो. त्रिभंगातील देह, कललेली मान, हातात नीलकमल. इतके कलूनही आकृती ढळत नाही, असे आपण म्हणतो. हा समतोल मोजता येतो का?

रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ साली ‘आर्ट अँड व्हिज्युअल परसेप्शन’मध्ये आकारांच्या दृश्य वजनाची मांडणी केली. संगणकाची आज्ञावली ही कल्पना शब्दशः घेते. प्रत्येक चित्रबिंदूच्या करडेपणाला ती ० ते २५५ मधील अंक देते आणि गडद ते जड मानते. मग सगळ्यांचा गुरुत्वमध्य काढून तो चौकटीच्या मध्यापासून किती दूर आहे, ते सांगते.

शंभर एकक रुंदीच्या पांढऱ्या चौकटीत २०वर तीन वजनाचा आणि ८०वर एक वजनाचा ठिपका ठेवा. गुरुत्वमध्य ३५वर येतो. मध्यापासून १५ दूर. आता उजवीकडची १५ एकके कापा. ठिपके जागचे हलले नाहीत, तरी अंतर साडेसातवर आले. समतोल ‘सुधारला’ तो कात्रीने!

पद्मपाणीच्या बाबतीत अडचण इथेच आहे. पुस्तकांत तो बहुधा कमरेपर्यंत कापलेला भेटतो. लेण्यात मात्र तो गर्भगृहाच्या वाटेच्या डावीकडे आहे, उजवीकडे वज्रपाणी आणि आत मधोमध बुद्धमूर्ती. त्याचा तोल या तिघांत वाटलेला आहे. छायाचित्रात त्यातला एकच उरतो. शिवाय उडालेले पोपडे आणि काळवंडलेले रंग यांनाही आज्ञावली वजन देते. पाचव्या शतकातील चित्रकाराची योजना आणि नंतरची पडझड एकाच पारड्यात पडते.

मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली छायाचित्रांवर हाच गुरुत्वमध्य तपासला. एकाच प्रतिमेच्या जवळजवळच्या कापांची तुलना केल्यावर आर्नहाइमच्या सिद्धांताला आधार मिळाला नाही.

म्हणून यंत्र टाकून द्यावे का? नाही. त्याला निवाडा मागू नये, साक्ष मागावी. एकच चित्र वेगवेगळ्या चौकटींत मोजले, तर कोणता शेजार काढल्यावर आकडा सरकतो, ते दिसते. संगणकाला चौकट आधी सांगावीच लागते. आपण समीक्षक ती न सांगताच ‘समतोल’ म्हणून मोकळे होतो.