याकची कुरकुर, पेगचं मौन

मागच्या वेळी टोकन पाडण्यापर्यंत आलो होतो. आज पार्सर. आणि आज मी थोडा भांडणार आहे, बरं का.

स्टीफन जॉन्सन यांनी 1970च्या दशकात बेल लॅब्समध्ये याक लिहिलं. तुम्ही व्याकरणाचे नियम द्यायचे, पार्सरचा सी कोड ते तयार करून देतं. नवख्या माणसाला मात्र आधी ऐकू येते ती कुरकुर: शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट. लटकता एल्स घ्या. इफच्या पोटात इफ, शेवटी एल्स एकच. तो कुणाचा? व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. याक तो जवळच्या इफला देऊन टाकतं, पण दिल्याचं सांगतं. लोक वैतागतात. मला तर ही कुरकुर याकचा सर्वात मोठा गुण वाटतो. भाषा तुम्ही पुरती ठरवलेलीच नाही, हे ते तोंडावर सांगतं.

आता पेग. ब्रायन फोर्ड यांचा 2004चा निबंध. इथे पर्याय क्रमाने तपासायचे, पहिला जुळला की पुढचा बघायचाच नाही. म्हणून संदिग्धता उरत नाही म्हणतात. अहो, उरत नाही की दिसत नाही? तुलनेच्या नियमात ‘<’ आधी आणि ‘<=’ नंतर लिहून बघा. दुसऱ्याची पाळी कधी येतच नाही. बरोबर लिहिलेला प्रोग्राम ‘=’पाशी अडतो, आणि पेगच्या व्याख्येनुसार तुमचा नियम निर्दोष!

पायथनने 3.9मध्ये, म्हणजे 2020 साली, पेग घेतलं, ते मला पटतं. जुन्या एलएल(1) पार्सरसाठी व्याकरण इतकं वाकवावं लागे, की ते भाषेपेक्षा जास्त काही मान्य करी आणि मग नंतर वेगळी तपासणी.

पण याकचं दुखणंही लपवू नये. सी भाषेत ‘टी * एक्स;’ हा गुणाकार की पॉइंटरची घोषणा? टी हा प्रकार आहे की चल, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. व्याकरणाला ते कळत नाही, मग बाजूने चोरवाटा काढायच्या. आणि चूक झाली की मूळचा संदेश एवढाच, ‘सिंटॅक्स एरर’. जीसीसी बायसनवर होतं, म्हणजे याकच्याच वारसदारावर. 2004मध्ये सी++साठी आणि 2006मध्ये सीसाठी त्यांनी पार्सर हाताने लिहिला. मीही तेच करीन. फक्त व्याकरण आधी याकला दाखवीन, त्याचा पार्सर वापरायचा नसला तरी.

हं, मागे हात वर झालाय. विचारा.