फ्रेडरिक्सबोर्ग : मूळ किती, पुन्हा बांधलेले किती?

डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन मला आधी भेटला तो तंजावरच्या इतिहासात. १६२० मध्ये रघुनाथ नायकाशी करार होऊन तरंगंबाडीला डॅनिश वखार आली, ती याच्याच कारकिर्दीत. त्याच सुमारास हिलरॉड गावच्या तळ्यात, तीन बेटांवर, त्याचा फ्रेडरिक्सबोर्ग राजवाडा पूर्ण होत होता. लाल वीट, वालुकाश्माची नक्षी, तांब्याची छपरे : उत्तर युरोपातील प्रबोधनकालीन वास्तुकलेचा हा नमुना म्हणून ग्रंथांत त्याचे चित्र हमखास असते.

पण त्या चित्रातले सगळेच ख्रिश्चनच्या काळातले नाही. डिसेंबर १८५९ च्या आगीत मुख्य वाड्याचा अंतर्भाग बहुतांशी जळाला. चॅपेल आणि त्यातला १६१० चा कॉम्पेनियस ऑर्गन वाचला. मेल्डाल या वास्तुविशारदाने वाडा पुन्हा उभारला. पैसा राजाचा, सरकारचा आणि लोकवर्गणीचा. मध्येच १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन गेले. खचलेल्या देशाला आधाराला भूतकाळ हवा होता. कार्ल्सबर्ग मद्यनिर्मितीचा मालक याकोबसेन याने १८७८ मध्ये इथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय स्थापले.

पुनर्बांधणीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मांडणीच्या दृष्टीला. इतिहास इथे मुख्यतः व्यक्तिचित्रांतून आणि प्रसंगचित्रांतून सांगितला जातो. जिथे मूळ चित्र नव्हते तिथे याकोबसेनने प्रतिकृती करवून घेतल्या, नवी चित्रे काढवली. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकाच्या दालनातही आपण कित्येकदा एकोणिसाव्या शतकाची इच्छाच पाहत असतो. आणि ज्याचे चित्र कुणी काढलेच नाही, तो विटा वाहणारा मजूर या इतिहासात येणार कुठून?

मला सर्वांत बोलके वाटते ते अंगणातले नेपच्यून कारंजे. आड्रियान द फ्रीसने घडवलेले मूळ ब्राँझचे पुतळे १६५९ मध्ये स्वीडिश सैन्याने नेले. ते आज स्वीडनमध्ये ड्रॉटनिंगहोमला आहेत. इथे १८८८ पासून प्रतिकृती उभ्या आहेत. ही कथा कळली की प्रतिकृती खोटी वाटत नाही; पराभवाची साक्ष वाटते.

आपल्याकडे गडांवरचे पडलेले वाडे पुन्हा बांधावेत की नाही, यावर हिरिरीने वाद होतात. बांधायचेच असतील तर जुना दगड कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे पाहणाऱ्याला तिथेच कळले पाहिजे. नाहीतर आपली इच्छाच पुढच्या पिढीला पुरावा म्हणून हाती लागेल.