काळी आणि पांढरी : उजनी परिसरातील ओसाड वास्तूंच्या कृष्णधवल छायाचित्रणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी हे गाव वसलेले आहे. येथून जवळच भीमा नदीवर उजनी धरण उभे आहे. 1980 साली हे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाखाली पुणे, सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावठाणे गेली. अवर्षणाच्या वर्षी पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरते, तेव्हा इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर, करमाळा तालुक्यातील कुगावचा इनामदार वाडा आणि घरांची जोती उघडी पडतात. 2024 च्या उन्हाळ्यातही हे घडले. अशा वेळी छायाचित्रकार मोठ्या संख्येने तेथे जातात. भिगवण परिसरात येणाऱ्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे ते रंगीत घेतात. मात्र त्याच जलाशयातील पडक्या भिंती त्यांना कृष्णधवलच हव्या असतात. पक्ष्याला रंग आणि पडझडीला रंगहीनता, ही विभागणी कोणत्या गृहीतकावर उभी आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माध्यमाची परंपरा

प्रारंभीच्या छायाचित्रकाराला कृष्णधवल हा पर्याय नव्हता. ती माध्यमाची मर्यादा होती. पुरातत्त्व खात्याच्या सर्वेक्षणातून महाराष्ट्रातील मंदिरांची जी चित्रे सिद्ध झाली, ती याच मर्यादेतून आली. हेन्री कझेन्स यांचा दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध झाला. त्यात वास्तूचे स्थान आणि रचना सांगण्यासाठी छायाचित्र येते. हळहळ व्यक्त करणे हे त्याचे प्रयोजन नाही.

रंगीत फिल्म सर्वत्र सुलभ झाल्यानंतर मात्र कृष्णधवल ही निवड ठरली. आज तर कॅमेरा बहुधा रंगीत माहितीच टिपतो व रंग नंतर संगणकावर काढून टाकला जातो. म्हणजे रंग नसणे ही आता छायाचित्रकाराची कृती आहे आणि कृतीचे समर्थन मागण्याचा समीक्षेला अधिकार आहे.

या संदर्भात दोन भूमिका विचारात घ्याव्या लागतात. जर्मनीतील बेर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे अशा मोडीत निघणाऱ्या औद्योगिक वास्तू कृष्णधवलात टिपल्या. ढगाळ आकाश, समोरून घेतलेला कोन आणि सारखी चौकट हा त्यांचा दंडक होता. परिणामी भावविवशतेला वाव उरला नाही व वास्तूंची तुलना शक्य झाली. याउलट रघुबीर सिंह (1942-1999) यांनी भारतीय जीवनाला रंगच अनुरूप आहे असे आग्रहाने मांडले. 'रिव्हर ऑफ कलर' या 1998 च्या ग्रंथात त्यांनी कृष्णधवल दृष्टीचे नाते पाश्चात्त्य मनाच्या परात्मतेशी व मृत्युचिंतनाशी जोडले. ही दोन्ही मते आपल्या परिसराला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत, याचे कारण आपल्या भाषेतच आहे.

काळी आणि पांढरी

मराठी कृषिजीवनात कसण्याच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. हे दोन रंग म्हणजे गावाचे दोन अर्धे होत. येथील जुन्या घरांचे माळवद लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर घालून तयार होई. भिंतीतले बळद, देवळ्या आणि ओसरी या साऱ्यांना त्याच मातीचा हात फिरलेला असे. तेव्हा काळ्या-पांढऱ्याची दृष्टी सर्वस्वी परकी आहे, हे रघुबीर सिंहांचे मत येथे तरी पूर्णतः टिकत नाही.

परंतु जलाशयाने या जोडीची उलथापालथ केली आहे. पाण्यात माती विरघळते आणि दगड राहतो. माळवदे गेली, लिंपण गेले. उरली ती काळ्या बेसॉल्टची जोती व भिंती आणि त्यांवर साचलेला गाळ. पांढरीवर काळी चढली. भिंतीवर पाण्याच्या उतरत्या पातळीच्या आडव्या रेघा दिसतात. त्या टिपण्यात कृष्णधवल माध्यम रंगीताहून सरस ठरते, कारण करड्या छटांमधील सूक्ष्म फरक रंगाच्या गर्दीत हरवतात. येथे रंगाचा त्याग विषयातूनच आलेला आहे, असे म्हणता येईल.

रंगाबरोबर काय गळते?

तथापि बहुसंख्य छायाचित्रांत हा विवेक आढळत नाही. लाल फिल्टरने, किंवा संगणकावर तसाच परिणाम साधून, आकाश काळवंडलेले असते. त्यावर पांढरे ढग आणि मधोमध एकटी कमान असते. हे चित्र पाहणाऱ्याला वाटावे की काळाच्या ओघात ही वास्तू ढासळली. वस्तुतः तिला काळाने नव्हे, एका प्रकल्पाच्या निर्णयाने बुडविले आहे. तो निर्णय सोलापूर जिल्ह्याच्या सिंचनासाठी झाला व त्याचा लाभही झाला. म्हणूनच ज्यांनी घर दिले त्यांचा त्याग 'निसर्गक्रम' म्हणून रंगविणे अधिक अन्यायकारक आहे.

चौकटीबाहेर काय राहते हेही पाहिले पाहिजे. पाणी हटताच त्याच गाळावर गाळपेर होते. पंपांचे पाइप आणि मासेमारांची जाळी तेथेच असतात. काठावर उसाचा हिरवा पट्टा असतो. हा हिरवा रंग आणि ती काळी भिंत यांचा संबंध कारण व परिणाम असा आहे. रंग काढला की हा संबंध तुटतो.

पाण्याबाहेरच्या पडक्या घरांबाबत तर हानी आणखी मोठी आहे. जोत्यावरचा गेरू, भिंतीवरची नीळ, दारावरचा तैलरंग यांवरून घर कोणाचे व कोणत्या काळातले, याचा अंदाज बांधता येतो. करड्या छटेत गढी आणि गावकुसाबाहेरचे घर एकाच उदासीनतेत मिसळतात. प्रत्यक्षात छायाचित्रणासाठी गढी व वाडे निवडले जातात, साधी घरे क्वचितच. हा पक्षपातही तपासला पाहिजे.

'ओसाड' हा शब्दही सैल आहे. काही घरे धरणासाठी सोडावी लागली, काही वाटणीच्या वादात कुलूपबंद झाली, काही पोटासाठी शहर गाठणाऱ्यांची आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली; त्यानंतर अनेक गावे नव्या जागी वसली. प्रत्येक ओसाडपणाचे कारण वेगळे आहे आणि कृष्णधवल चित्र ते स्वतःहून सांगत नाही.

निष्कर्ष

1) कृष्णधवल हे माध्यम मुळात दोषी नाही. पोत, रचना, पाण्याच्या खुणा हा विषय असेल तेथे ते समर्थनीय आहे.

2) जेथे वास्तूचा वापर, मालकी वा सामाजिक स्थान रंगातून कळते, तेथे रंग काढणे म्हणजे पुरावा पुसणे होय.

3) बेखर यांच्याकडून कोनाची व प्रकाशाची शिस्त घेता येईल, कझेन्स यांच्याकडून स्थळनोंदीची. गावाचे नाव, दिनांक, पाण्याची स्थिती, घर सोडण्याचे कारण व वर्ष यांविना असे छायाचित्र अपुरे समजावे.

4) महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व मराठी या विभागांना हे काम एकत्रितपणे करता येईल. रंगीत मूळ प्रत जपून ठेवावी व तिच्यासोबत त्या घरात राहिलेल्यांची तोंडी माहिती नोंदवावी. 1980 पूर्वीचे गाव जाणतेपणी पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. भिंती पुढच्या दुष्काळातही दिसतील. त्या भिंतीआड कोणती खोली होती हे सांगणारे माणूस तेव्हा असेलच असे नाही.