बगळा झाला, पुढे काय?

हिरोशिमा दिनानिमित्त अमरावतीच्या एका शाळेत मुलांनी केलेले कागदी पक्षी आम्ही पाहिले. घोटीव कागदाचे पक्षी दोऱ्यात ओवून खिडक्यांना टांगले होते. फळ्यावर सादाको सासाकीची हकिगत होती : अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गानंतर रक्ताचा कर्करोग होऊन १९५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी गेलेली मुलगी. पक्ष्याला सगळे बगळा म्हणत होते. खरे तर तो करकोचा. बगळा आपल्याकडे वखरामागे किडे टिपत फिरतो. करकोचा हिवाळ्यात थव्याने येणारा पाहुणा. पण ही चूक किरकोळ आहे. आमची तक्रार वेगळी. माळा टांगल्या आणि तास संपला. ‘इथे दुमडा, आता उलटा’ या सूचना मुलांनी बिनचूक पाळल्या; घड्या तिथेच का पडतात, हे कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

पुस्तकांतही ही फाळणी आहे. अनिल अवचटांच्या ‘मजेदार ओरिगामी’ने हा छंद मराठी घरांत नेला, तिथे भर वस्तू घडवण्याच्या आनंदावर. दुसऱ्या टोकाला टी. सुंदर राव यांचे १८९३ साली मद्रासला निघालेले, घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक. चौरसापासून निघून ते शांकवांपर्यंत पोचते. फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली. पण त्यात पक्षी नाही!

मग करकोच्यातच भूमिती शोधावी, म्हणून अकोल्यात आठवीच्या वर्गासमोर आम्ही एक प्रयोग केला. दोन्ही कर्ण एका बाजूने व दोन्ही मध्यरेषा उलट बाजूने दुमडून चौरस चौथाईएवढा सपाट करायचा, ही करकोच्याची पहिली पायरी. माएकावांचा नियम सांगतो की सपाट घडीत कागदाच्या आतील कोणत्याही बिंदूपाशी डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येत दोनचाच फरक असतो. मुलांनी कागद उलगडून मध्यबिंदूपाशी मोजले : चार आणि चार. फरक शून्य! वर्गात खसखस पिकली. नियम खोटा?

कागद पुन्हा मिटल्यावर एका मुलीच्या लक्षात आले की कर्णांच्या चार अर्ध्यांपैकी दोनच खरोखर दुमडलेले आहेत. उरलेले दोन नुसते व्रण. म्हणजे चार आणि दोन. कोनही तपासले : ९०, ४५, ४५, ९०, ४५, ४५. एकाआड एक घेतले तर बेरीज १८० अंश. हा कावासाकींचा नियम. आमच्या मते त्या तासाची खरी कमाई नियम नव्हे, खरी घडी आणि व्रण यांतला फरक ही होती.

प्रकारांची हौस जुनी आहे. क्योतोत १७९७ साली छापलेल्या पुस्तकात एकाच कागदाला चिरा देऊन जोडलेल्या करकोच्यांचे ४९ नमुने आहेत. शिक्षकांना मात्र आम्ही दुसरी वाट सुचवू : कागदाचा आकारच बदला. ज्या बहिर्वक्र चौकोनात चारही बाजूंना स्पर्श करणारे वर्तुळ बसते, त्याचा करकोचा होऊ शकतो. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजा सारख्या असल्या की असे वर्तुळ बसते. वहीचे आयताकृती पान इथेच नापास होते. पतंगाचा आकार चालतो. त्याचे दोन समान कोपरे पंखांना दिले की मान आणि शेपूट लांबीला वेगळी निघतात. लांब टोक कुणाला द्यायचे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.