नावे आणि संख्या : नव्ह शापेल व बसरा येथील भारतीय सैनिकांची स्मारके

पहिल्या महायुद्धात परदेशी रणभूमीवर मरण पावलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकांचा विचार बहुधा लष्करी इतिहासाच्या अंगाने होतो. शिल्प आणि संहिता म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच झालेली दिसते. वस्तुतः युद्धस्मारकात काय कोरले आहे याइतकेच काय कोरलेले नाही हेही वाचावे लागते. प्रस्तुत लेखात फ्रान्समधील नव्ह शापेल (१९२७) आणि इराकमधील बसरा (१९२९) या दोन स्मारकांचे असे वाचन केले आहे. दोन्ही इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन या एकाच संस्थेने उभारली, आणि मृतांमध्ये हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद करावयाचा नाही हे या संस्थेचे जाहीर तत्त्व होते.

नव्ह शापेलची लढाई १० ते १३ मार्च १९१५ या काळात झाली. तेथील स्मारकाची रचना नवी दिल्लीच्या सचिवालयाचा वास्तुरचनाकार हर्बर्ट बेकर याची. वर्तुळाकार आवार, त्याचा काही भाग सांचीची आठवण करून देणाऱ्या कोरीव जाळीचा, काही भाग भरीव भिंतीचा. सुमारे १५ मीटर उंचीचा अशोकस्तंभाच्या धर्तीवरील स्तंभ. त्यावर कमळ, ब्रिटिश राजमुकुट आणि 'स्टार ऑफ इंडिया'. पायथ्याशी दोन वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, या आशयाचा लेख इंग्रजीबरोबर अरबी, देवनागरी व गुरुमुखी लिप्यांत आहे. कमळाच्या माथ्यावर मुकुट ठेवण्यातील अर्थ शोधावा लागत नाही. प्राचीन भारताची चिन्हे साम्राज्याच्या सेवेत लावण्याचा हा प्रकार आहे, ही टीका रास्तच म्हणावी लागेल.

मात्र ती टीका अर्ध्यावर थांबते. भरीव भिंतीवर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. त्यांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या गबरसिंग नेगी यांच्याप्रमाणेच, ज्यांच्याविषयी या ओळीपलीकडे काहीही उरलेले नाही असे शिपाईही आहेत. गावाचा उल्लेख नाही, वय नाही. पलटणीखाली नाव, एवढेच. स्तंभ साम्राज्याविषयी बोलतो, भिंत माणसांविषयी. या स्मारकाचे मोल भिंतीत आहे.

बसऱ्याला ही भिंतच मुकी आहे. एडवर्ड वॉरेन याने रचलेले ते स्मारक म्हणजे ८० मीटर लांबीची छत असलेली स्तंभावली, मध्यभागी १६ मीटरचा चौकोनी निमुळता स्तंभ. दगड पांढरा, भारतातून आणलेला. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या, थडगे नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे आणि त्यांतील तीस हजारांहून अधिक भारतीय होते. ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे पाट्यांवर आली. सामान्य भारतीय शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे संख्या आली. नावे माहीत नव्हती असे नाही. ती नोंदवहीत होती. दगड भारताचा चालला, नाव चालले नाही. अवघ्या दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जे शक्य झाले ते येथे का झाले नाही, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक राहत नाही. युरोपात जाणारे-येणारे डोळे भिंत पाहणार होते; बसऱ्यात कोण पाहणार, असा हिशेब त्यामागे असावा.

मराठी वाचकाला या हिशेबाची झळ अधिक जवळून लागावी. मेसोपोटेमियात प्रथम उतरलेली तुकडी सहावी पूना डिव्हिजन होती. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर कैदेत गेलेल्यांपैकी अनेक जण परतलेच नाहीत. ११७व्या पलटणीला या मोहिमेतील कामगिरीबद्दल 'रॉयल' ही पदवी मिळाली. पलटणीला पदवी मिळाली आणि शिपायाला आकडा.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. सातारा आणि रत्नागिरीकडील काही गावांत महायुद्धानंतर बसविलेल्या शिळा आढळतात. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. म्हणजे तेथेही संख्याच. पण गावात ती संख्या वाचणाऱ्याला घरे ठाऊक होती. आकडा वाचताच कोणाचा थोरला, कोणाचा जावई हे मनात येत असे. बसऱ्याच्या आकड्याला असा वाचक कधीच लाभला नाही. अर्थात, जाणती पिढी सरल्यावर गावातील शिळेचीही तीच अवस्था झाली आहे, हेही नोंदवले पाहिजे.

१९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने बसऱ्याचे स्मारक मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत हलविण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्या आजच्या वारसदार संस्थेने, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, अहवाल प्रसिद्ध करून आशियाई व आफ्रिकी मृतांच्या स्मरणात वांशिक भेदभाव झाल्याचे मान्य केले. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. संस्थेच्या संगणकीय सूचीत आता या शिपायांची नावे शोधता येतात. ती दगडावर आणायची झाल्यास जुन्या संख्येच्या पाट्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. त्या काढून टाकल्या तर अन्यायाचा पुरावाच पुसला जाईल. नावांशेजारी आकडाही राहू दिला, तर पुढील वाचकाला दोन्ही वाचता येतील.