दगडावरची झोप

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की जुनापाणीच्या माळावर काळ्या दगडांची वर्तुळं दिसतात. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती मांडली. मे महिन्यात दिवस मावळल्यावरही इथले दगड तापलेलेच असतात. थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीच्या शेवटाजवळ विदर्भातला वाचक पटकन जातो, तो या उबेमुळे.

आपला घात करणाऱ्या अ‍ॅलेकचा खून करून कादंबरीची नायिका टेस नवऱ्याबरोबर, एंजेलबरोबर, पळते आहे. काळोखात दोघं स्टोनहेंज या तिकडच्या प्राचीन दगडी वर्तुळाच्या प्रचंड खांबांशी येतात. थकलेली टेस एका आडव्या शिळेवर अंग टाकते. उन्हाने तापलेली ती शिळा अजून कोमट आहे. इथे देवाला बळी देत असत का, असं ती विचारते. सूर्याला, असं एंजेलला वाटतं. म्हणून ही शिळा म्हणजे बळीची वेदी, असं समीक्षक सांगतात, आणि ते खरंच आहे.

मला मात्र तिथली झोप अधिक बोलकी वाटते. टेसला झोप कधी लाभलीच नाही. गाडीवर डुलकी लागली आणि टपालगाडीच्या धडकेत घरचा एकुलता एक घोडा गेला. रानात निजली असताना अ‍ॅलेकने तिचा घात केला. लग्नानंतर एंजेलने झोपेत चालत तिला उचलून नेलं आणि पडक्या मठातल्या रिकाम्या दगडी शवपेटीत ठेवलं. त्या रात्री झोपेत तो होता, जागी ती. त्या पेटीपासून या शिळेपर्यंत हार्डीने सरळ रेघ ओढली आहे.

हार्डीच्या लेखनात नियती नेहमी अशा साध्या योगायोगांतून येते. टेसने लग्नाआधी सगळं कबूल करणारं पत्र दाराखालून सरकवलं, ते जाजमाखाली गेलं आणि एंजेलला मिळालंच नाही. आपल्याकडे नागपूरजवळच्या टाकळघाटची, जुनापाणीसारखीच दगडी वर्तुळं पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, मिशनरी स्टीफन हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, तेच हे हिस्लॉप. हार्डीच्या कादंबरीत शोभावा असाच हा मृत्यू.

पहाटे पोलीस चहूबाजूंनी येतात. तिची झोप पुरी होऊ द्या, अशी एंजेल विनवणी करतो. आणि ते थांबतात. टेसच्या पापण्यांवर ऊन येईपर्यंत खांबांसारखे उभे राहतात. तिच्या झोपेची अशी बूज साऱ्या कादंबरीत दुसऱ्या कुणी राखली नाही. राखली ती तिला फासाकडे नेणाऱ्यांनी.

१८५६ मध्ये, सोळा वर्षांच्या हार्डीने डॉर्चेस्टरला मार्था ब्राउनची फाशी डोळ्यांनी पाहिली होती. टेसची फाशी त्याने दाखवली नाही. तुरुंगावर चढणारं काळं निशाण तेवढं दाखवलं. त्यानंतरचं, देवांच्या खेळाविषयीचं कडवट वाक्य फार गाजलं. मला त्याची गरज वाटत नाही. शिपाई थांबले तेव्हाच हार्डीचं सारं सांगून झालं होतं.