तराजू एकच असावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्क्रमेट्टी' या खटल्यात दिलेले निकालपत्र केवळ कायदेपंडितांनी वाचावे असे नाही. लेकरांचे हिताहित कोणी आणि कोणत्या मापाने तोलावे, हा प्रत्येक आईबापाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

टेनेसी राज्याच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील पारलिंगी मुलांना वयात येणे लांबविणारी औषधे व लिंगबदलासाठीची संप्रेरके देण्यास मनाई केली. अकाली वयात येणाऱ्या मुलास मात्र तीच औषधे देता येतात. हा भेद लिंगावर नव्हे, तर वय व औषधाचा उपयोग यांवर आधारलेला आहे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे प्रतिपादन. ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा टिकला.

रॉबर्ट्स यांची मांडणी संयत आहे. वैद्यकातच मतभेद असता न्यायाधीशाने वैद्य होऊ नये, हा विनय पटतो. पण त्यामुळे तराजू विधिमंडळाच्या हाती जातो. तेव्हा विधिमंडळे इतरत्र कशी तोलतात, हेही पाहिले पाहिजे.

मुलांच्या खेळांचेच घ्या. अंगाला अंग भिडविणारे खेळ खेळलेल्या व तिशीच्या आत मृत्यू पावलेल्या १५२ जणांच्या मेंदूंचा अभ्यास बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यांतील ६३ मेंदूंत वारंवारच्या आघातांशी निगडित विकार आढळला. हे मेंदू दान केलेले असल्याने तेच प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. तरी इजा खरी आहे. असे असूनही खेळावर बंदी आली नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली डोक्याला मार बसल्याचा संशय येताच मुलाला मैदानाबाहेर काढण्याचा व वैद्यकीय परवानगीविना परत न घेण्याचा कायदा केला. इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. धोका मान्य करून नियम घातले आणि निर्णय पालकांवर सोपविला.

ही तुलना ताणू नये. खेळ हा उपचार नव्हे, आणि संप्रेरकांचे काही परिणाम कायमचे असतात. इंग्लंडमधील डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालानेही या उपचारांमागील पुरावा दुबळा ठरविला. मात्र कॅस मुलाला दारातून परत पाठवीत नाहीत. प्रत्येकाची समग्र तपासणी, मानसिक आधार आणि औषधांबाबत कमालीची सावधगिरी, असा त्यांचा आग्रह आहे.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या भिन्नमतपत्रात युरोपातील या शंकांचा विचार तोकडा वाटतो. पण उपचार नाकारल्याने होणारी वेदना त्या पारड्यात टाकतात. बहुमताच्या लेखनात तिला पुरेशी जागा नाही. औषध देण्यात जोखीम आहे, तशी न देण्यातही आहे. एकाच बाजूचे वजन मोजणाऱ्यास तराजूची गरजच काय?